उतारा

आमच्या घरात इंग्रजीचा शब्द अडला की अजूनही तो माझ्याकडं येतो. माझं शिक्षण दहावी. 1976 साली बोर्डाला बसलो, इंग्रजीत 38 मार्क पडले. पस्तिसाला पास. म्हणजे तीन मार्क जास्तीचे. ते आयुष्यभर पुरवून पुरवून वापरतोय. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. घरात माझ्याआधी कुणी एबीसीडीही गिरवलेली नव्हती, त्यामुळं खताच्या पोत्यावरचं, इंजिनाच्या पाटीवरचं, बँकेच्या कागदावरचं वाचायचं काम माझं. वडील चारचौघांत सांगायचे, "धाकल्याला विंग्रजी येतंय." हे ऐकायला तेव्हा गोड लागायचं.

आता नात अकरावीला सायन्सला आहे, तालुक्याला जाते. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी ती सोप्यात वही घेऊन बसली होती. वैनी भिंतीला टेकून सुपात तांदूळ निवडत होत्या. मी धारा काढून आलो, हातपाय धुतले आणि चहाची वाट बघत होतो.

"आबा, सरांनी पाच शब्द दिल्यात. अर्थ लिहायचा आणि एकेक वाक्य करायचं."

बघितलं. काउंटरबॅलन्स, मिटिगेट, न्यूट्रलाइज, ऑफसेट, काउंटरॲक्ट. मोबाईलवर बघून तिनं पाचांच्याही पुढं एकच अर्थ लिहिला होता : परिणाम नाहीसा करणे.

"पाचांचा एकच अर्थ? मग विंग्रजांनी पाच शब्द कशाला केले?"

"त्यांना काम नसंल आबा."

वैनी हसल्या. मी म्हटलं, "अगं, पावसालाच बघ की. भुरभुर वेगळी, सर वेगळी, झड वेगळी, वळीव वेगळा. छत्री घेऊन जाणाऱ्याला सगळा पाऊसच. पेरणाऱ्याला तसं म्हणून चालंल का? आण माझी डिक्शनरी."

डिक्शनरी म्हणजे आठवडी बाजारात रद्दीवाल्याकडून पाच रुपयाला घेतलेली. पुठ्ठा गेलाय, 'झेड'ची पानंही गेलीत. झेडवाचून माझं कधी अडलं नाही. ती मांडीवर घेतली आणि आम्ही एकेक शब्द लावायला बसलो. पुस्तकातला अर्थ बघायचा आणि तो आपल्या रानात कुठं बसतो ते शोधायचं, ही माझी जुनी सवय. मास्तरांनी शिकवलेली नाही, मलाच लागलेली.

काउंटरबॅलन्स लगेच सापडला. आई लोणी विकायची तेव्हाची गोष्ट. गिऱ्हाईक आपलं भांडं घेऊन यायचं. भांड्याचं वजन लोण्यात धरायचं नाही, म्हणून आई रिकामं भांडं एका पारड्यात ठेवायची आणि दुसऱ्या पारड्यात खडे, खापरीचे तुकडे टाकून काटा मधोमध उभा करायची. त्याला धडा करणं म्हणतात. मग पुढं लोण्याचं माप. नातीनं धडा हा शब्द पुस्तकातल्या धड्यापुरताच ऐकलेला.

"आता सांग, भांड्याचं वजन नाहीसं झालं का?"

"नाही. समोर तेवढंच वजन ठेवलं."

"खडे उचलले तर?"

"भांडं खाली जाणार."

"मग 'नाहीसा करणे' कसं लिहिलंस?"

तिनं खोडलं.

मिटिगेटला मला बहात्तरचा दुष्काळ आठवला. मी बारा वर्षांचा होतो. तेव्हा आमचं रान वरच्या अंगाला, माळाचं. विहिरीनं तळ दाखवला. वडील पाझर तलावाच्या मातीकामावर, आई खडी फोडायला. आम्हा पोरांना सुकडी मिळायची. रेशनला परदेशातली लाल मिलो ज्वारी यायची. तिच्या भाकरीला वास आणि चव दोन्ही नव्हतं, पण पोट भरायचं. त्या कामानं आणि त्या मिलोनं पाऊस पडला नाही. दुष्काळ होता तसाच डोक्यावर उभा होता. पण आम्ही जगलो. डिक्शनरीत अर्थ होता तीव्रता कमी करणे. मी नातीला म्हटलं, "आपल्या भाषेत लिही, झळ कमी करणे. ऊन तसंच आहे, आपण झाडाखाली उभे आहोत."

न्यूट्रलाइजला जरा वेळ लागला, कारण हा शब्द तिच्या सायन्सचा. ॲसिडात अल्कली घातली की दोन्ही मरतात, मधला सामू सात, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. कोकणातली जमीन आम्ल, तिथं चुना टाकतात ते ह्याचसाठी. पण आमच्या कृष्णाकाठाला उलटा रोग. लिफ्टचं पाणी आलं तसं आम्ही उसाला पाणी दिलं नाही, पाजलं. रात्रभर दंड फोडून ठेवायचा आणि घरी येऊन झोपायचं. खालून पाणी वर आलं, त्याच्याबरोबर क्षार वर आले. पांढरी बुरशी आल्यासारखी जमीन दिसायला लागली. काही रानं तर चोपण झाली. पावसात चिखल असा की पाय निघायचा नाही आणि वाळली की दगड. पुतण्याचं नदीकडचं एकर असंच गेलं. चाळीस टनाचं रान बारा टनावर आलं. माती तपासली, सामू नऊच्या जवळ.

आम्ही जिप्सम आणून टाकलं. पोत्यावर पोती. वर्षभर काही फरक नाही. मग शेतीखात्यातला एक माणूस बांधावर आला. जुन्या वळणाचा, खाली वाकून माती हातात घेणारा. तो म्हणाला, "जिप्सम क्षाराला मारत नाही पाटील. त्यातलं कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला ढकलून खाली पाडतं आणि तिथं आपण बसतं. पण पडलेलं सोडियम जाणार कुठं? ते धुऊन न्यायला वाट पाहिजे. आधी निचरा करा." मग आम्ही जमिनीखालून भोकाच्या पाईपा घातल्या, चर नदीकडं काढला, ताग पेरून गाडला. तेव्हा कुठं तिसऱ्या-चौथ्या वर्षी रान उसाला आलं.

"म्हणजे न्यूट्रलाइज झालं," नात म्हणाली.

"झालं. पण पोतं टाकल्यानं नाही झालं. वाट काढून दिली तेव्हा झालं. बापाचा ट्रॅक्टर न्यूट्रलला टाकतात, तेव्हा चाकाला जोर मिळत नाही, पण इंजन चालूच असतं ना? उताराला ब्रेक न लावता न्यूट्रल टाकून उतरून बघ म्हणावं."

ऑफसेट म्हटल्यावर ती म्हणाली, "लग्नपत्रिका छापतात ते." तेही खरंच. डिक्शनरीत आणखी एक अर्थ निघाला आणि मला गंमत वाटली. झाडाच्या बुडाला जे पिल फुटतं त्यालाही ऑफसेट म्हणतात. केळीची बाई घड देऊन जाते, तिच्या बुडाला पिल उभं असतं. गेलेलं गेलं, त्याच्या शेजारी दुसरं आलं. पण सरांना पाहिजे होता तो अर्थ वजावटीचा. तो आमच्या रोजच्या वापरातला. कारखान्याला ऊस जातो, बिल निघतं, आणि बिल हातात यायच्या आत सोसायटीचं कर्ज त्यातून कापून घेतात. कर्ज फिटलं हे खरं. ऊस गेला हेही खरं. एकानं दुसऱ्याला पुसलं नाही. कागदावर आडवी रेघ मारून खाली शिल्लक काढली, एवढंच. नातीनं लिहिलं : एका बाजूचं दुसऱ्या बाजूनं भरून काढणे.

राहिला काउंटरॲक्ट.

"हा सोपाय आबा. काउंटर म्हणजे उलट, ॲक्ट म्हणजे काम करणं. उलट काम करून परिणाम नाहीसा करणे. इथं तरी चालंल ना?"

मी काही बोललो नाही. वैनींचा सुपातला हात थांबला होता.

हा शब्द मी पहिल्यांदा डिक्शनरीत वाचलेला नाही. 1983 च्या ऑगस्टात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरांच्या तोंडून ऐकला. ही नात माझी, पण माझ्या मुलाची नव्हे. माझ्या थोरल्या भावाच्या मुलाची ही मुलगी. तिचे सख्खे आजोबा म्हणजे आमचे दादा. ते फवारणीचं औषध लागून गेले, एवढंच तिला घरातून माहीत होतं. त्यापुढचं कुणी सांगितलेलं नव्हतं. सांगायचं ते मीच.

त्या वर्षी अर्ध्या एकरात वांगी होती, शेंड्यात अळी पडलेली. फवारणीची पाळी माझी होती. शेजारच्या गावाला कुस्त्या होत्या म्हणून मी दादाला म्हटलं, आजच्या दिवस तू मार. तो हसून म्हणाला, "जा, पर रेवड्या घिऊन ये." अंगात बिनबाहीची बंडी, तोंडाला काही नाही, पाठीला गळका पंप, आणि दुपारनंतर वारं फिरलेलं. औषध त्यानं बादलीत हातानंच ढवळलं. तेव्हा सगळेच ढवळायचे.

मी दिवस मावळता आलो तेव्हा दादा ओट्यावर आडवा होता. अंगाला घामाची धार, तोंडातून लाळ, मांड्यांचं मांस आपोआप फडफडतंय. डोळ्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. कुणी लिंबू पिळलं, कुणी ताक पाजलं. म्हातारीकोतारी म्हणाली, रानात काहीतरी लागीर झालंय, उतारा टाका. भाकरी, अंडं, लिंबू उतरून तिकटीवर टाकून आले. शेवटी दुधाच्या गाडीत घालून तालुक्याला नेलं.

डॉक्टरांनी डोळे बघितले आणि लगेच सुई भरली. मला म्हणाले, "औषध कुठलं होतं? डबा घेऊन ये." मी रात्रीच सायकल मारली. डब्यावर उभा चौकोन, खालच्या अर्ध्यात लाल रंग, वर कवटी. खालचा कागद औषध सांडून भिजलेला, बारीक अक्षरं सगळी गेलेली. एका ओळीत इंग्रजी मोठी अक्षरं तेवढी शिल्लक होती. अँटिडोट. पुढचं पुसट. मला त्याचा अर्थ येत नव्हता. सायकलवर सगळी वाट मी तो शब्द घोकत गेलो.

डॉक्टर म्हणाले, "अँटिडोट म्हणजे उतारा. तो मी सुरू केलाय. ॲट्रोपिन. तुमच्या बांधावर धोतरा असतो ना, त्याच्यात असतं त्याच जातीचं." विषावर विष. मला नवल वाटलं. सकाळपर्यंत दादाची लाळ सुकली, बाहुल्या मोठ्या झाल्या, छातीतली घरघर थांबली. दुसऱ्या दिवशी त्यानं चहा मागितला. वैनी तीन वर्षांच्या पोराला घेऊन आल्या होत्या, त्याला जवळ घेऊन रेवड्या कुठायत म्हणून मला विचारलं.

त्या संध्याकाळी डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आणि ते शब्द मला आजही जसेच्या तसे ऐकू येतात : "हे बघ, हे औषध विषाला काढत नाही. नुसतं काउंटरॲक्ट करतं. पाच दिवस इथून हलवायचं नाही." त्यांना वाटलं, हा पोरगा इंग्रजी जाणतो. मीही मान डोलावली. वडील बाहेर व्हरांड्यात बसले होते. त्यांनी विचारलं, "काय म्हणला डाक्टर?"

मी म्हटलं, "उतारा लागू पडला म्हणला."

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. मीही, माझ्या मते, खोटं बोललो नव्हतो. पण त्यांनी जो शब्द वापरला त्याचा मी वडिलांना जो अर्थ दिला, तो आज ह्या पोरीनं वहीत लिहिला होता तोच. परिणाम नाहीसा झाला. 'काढत नाही' हे मराठीत बोललेलं मी ऐकलं आणि सोडून दिलं. कारण पुढचा इंग्रजी शब्द मला मोठा वाटला आणि दादा समोर चहा पीत होता.

तिसऱ्या दिवशी वडील म्हणाले, माणूस बरा झाला, घरी जनावरं उपाशी, रोजचा खर्च कुठनं करायचा. डॉक्टर दुपारच्या पाळीला नव्हते. होते त्यांनी नको म्हटलं, कागदावर सही द्यावी लागेल म्हणाले. वडिलांचा अंगठा. म्हणून सही मी केली. इंग्रजीत केली.

निम्म्या वाटेत दादा म्हणाला, "मान धरवंना रं." मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मग त्याला श्वास पुरेना. छाती हलायची पण आत वारं जात नव्हतं. गाडी वळवली. नदीच्या पुलावर तो गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता.

पुढं किती वर्षांनी एका दुसऱ्या डॉक्टरांनी मला समजावलं. फॉस्फरसच्या जातीतल्या विषात माणूस सुधारल्यासारखा दिसतो, आणि एक ते चार दिवसांत कधीही मानेचं आणि श्वासाचं बळ जाऊ शकतं. ॲट्रोपिन लाळ सुकवतं, बाहुली मोठी करतं, पण त्या बळावर त्याचा इलाज नाही. तेवढ्यात माणूस दवाखान्यात पाहिजे, श्वास यंत्रावर चालवता आला पाहिजे. दादा तिथंच असता तर वाचला असता का? त्या दवाखान्यात तेव्हा यंत्र नव्हतं. मोठ्या गावाला हलवायला वेळ मिळाला असता. एवढंच म्हणता येतं. एवढंही पुष्कळ झालं.

वाटण्या झाल्या 1991 साली. वडिलांची पाच एकर, अडीच-अडीच. माझ्या वाटणीतलं नदीकडचं एकर मी पुतण्याच्या नावे करून दिलं. तलाठ्याकडून सातबाराचा उतारा काढला आणि वैनींच्या हातात नेऊन दिला. आपल्या भाषेत उतारा किती ठिकाणी वापरतात बघा. तलाठ्याचा उतारा, कारखान्याचा साखरेचा उतारा, तिकटीवर टाकतात तो उतारा, आणि विषावरचा उतारा. मला त्या कागदात कुठला दिसत होता, ते वैनींना न सांगता कळलं. त्या म्हणाल्या, "जिमीन घेती मी. पोराच्या नावची हाय. पर भाऊजी, ह्यानं फिटलं असं मनात धरू नगा."

"न्हाई धरत वैनी," मी म्हटलं.

तेच एकर पुढं चोपण झालं, आणि ते दुरुस्त करायला पुतण्या आणि मी चार वर्षं खपलो. वैनी रोज आमच्या दोघांची भाकरी घेऊन यायच्या. त्याबद्दल त्या कधी काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

हे सगळं मी त्या संध्याकाळी नातीला सांगितलं. इतक्या सरळ सांगितलं नाही, अडखळत सांगितलं. सही माझी होती हेही सांगितलं. चहा येऊन निवून गेला. पोरगी खाली बघून पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आबा, मग अर्थ काय लिहू?"

मला लवकर सुचेना. म्हटलं, "लिही, उलट बाजूनं जोर लावून परिणाम दाबून धरणे. धरलंय तवर धरलंय."

"आणि वाक्य?"

मी वैनींकडं बघितलं. त्यांनी सूप जरा पुढं ओढलं, एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "लिव्ह की गं. आबा सांगत्यात तसं लिव्ह."

तिनं वाक्य स्वतःच केलं. 'द ड्रग काउंटरॲक्टेड द पॉयझन, बट डिड नॉट रिमूव्ह इट.' मला वाचून दाखवलं. माझ्या 38 मार्कांत काही चूक दिसली नाही.

चार दिवसांनी सरांनी वह्या तपासून दिल्या. पाचही अर्थांना बरोबरची खूण होती. शेवटच्या वाक्यात 'पॉयझन'पर्यंत खूण, आणि 'बट'पासून पुढच्या शब्दांखाली लाल रेघ. समोसात लिहिलेलं, 'नॉट नेसेसरी'. सरांचं चुकलं नाही, शब्दाचा अर्थ पहिल्या निम्म्यात पुरा होतो.

पोरगी खोडरबर हातात घेऊन माझ्याकडं आली. "खोडू का आबा?"

चुलीपुढनं वैनी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ते."